खाड्याचा दिवस

१

ऑपरेटरबाईंच्या डाव्या दंडावर कुणाची तरी पाच बोटं उमटली होती. चार एका बाजूला, अंगठा दुसऱ्या बाजूला. जांभळ्या शाईत हात बुडवून ठसा घ्यावा तशी.

सुईताईला ती दिसली तेव्हा तिच्या पाठीमागे फ्लॅटच्या दाराचं कुलूप दोनदा फिरलं होतं आणि किल्ली सूनबाईंच्या पर्समध्ये गेली होती.

"लॉक कशाला, मॅडम? मी दहा मिनिटांत निघणार आहे."

"आज नाही. बारा वाजता एजन्सीचे साहेब येतायत. त्यांना घेऊन सरळ पोलिसांत जायचंय. तोवर या घरातून कुणी बाहेर पडणार नाही. तुम्हीसुद्धा. तुम्ही साक्षीदार आहात."

"कशाची?"

"बघा की. डोळे आहेत ना?"

सुईताई लॅबसाठी घरोघर जाऊन रक्ताचे नमुने गोळा करायची. जीवरसायनाची पदवी घेतलेली, पण कुठल्याच घरात तिला खऱ्या नावाने कुणी हाक मारत नसे. या घरी ती महिन्यातून एकदा यायची. ऑपरेटरबाईंच्या हृदयाचे ठोके अनियमित पडत, म्हणून त्यांना रक्त पातळ करणारी गोळी चालू होती आणि त्या गोळीचा परिणाम किती होतोय हे दर महिन्याला तपासावं लागे.

सूनबाई एका शाळेत उपमुख्याध्यापिका. शनिवारची सुट्टी होती, तरी आवाज वर्गावरचाच होता. त्यांनी फोन पुढे धरला. त्यात अकरा फोटो होते. दंड, मनगट, नडगी, मांडी, पुन्हा दंड. प्रत्येकाखाली तारीख.

"आठ दिवसांत एवढे डाग. दिवसभर या आईंजवळ एकटीच मावशी असते. गणित अवघड आहे का?"

मावशी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली होती. म्हाताऱ्या माणसांसाठी मदतनीस पुरवणाऱ्या एजन्सीचा निळा एप्रन अंगात, हात मांडीवर, नजर फरशीवर. तिचा फोन सूनबाईंनी काढून घेऊन टेबलावर पालथा ठेवला होता. फ्लॅट सातव्या मजल्यावर, खिडक्यांना जाळ्या. भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती.

"माझं नाव एकदा पोलिसांत गेलं," मावशी मान वर न करता म्हणाली, "की या शहरात मला कुणी म्हाताऱ्या माणसाच्या जवळ फिरकू देणार नाही. बावीस वर्षं हेच काम करतेय मी. दुसरं मला येत नाही."

"मग हात उगारायच्या आधी विचार करायचा होता," सूनबाई म्हणाल्या.

मावशीने पहिल्यांदाच मान वर केली. सूनबाईंकडे तिने पाहिलंही नाही. ती सुईताईला म्हणाली, "ताई, संध्याकाळी सहाला मी जाते. रात्री बाईंजवळ कोण असतं, ते पण विचारा जरा."

२

"मला कुणी मारलेलं नाही," ऑपरेटरबाई पलंगावरून म्हणाल्या. "तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते मी. लोकांच्या शिव्या भरपूर खाल्ल्या. मार नाही खाल्ला."

"आईंना सकाळचा चहासुद्धा आठवत नाही," सूनबाई दारातून म्हणाल्या. "त्यांच्या बोलण्यावर जाऊ नका."

"बघितलंस?" म्हातारी सुईताईकडे वळली. "अंग माझं, डाग माझे, आणि माझाच कॉल कुणी घेत नाही."

सुईताई हसली, पण तिचं लक्ष कातडीवर होतं. वयानुसार कातडी विरत जाते, तिच्याखालची चरबीची गादी झिजते आणि बारीक रक्तवाहिन्या उघड्या पडल्यासारख्या होतात. अशा हाताला पलंगाची कड लागली तरी आत एखादी वाहिनी फुटते, रक्त कातडीखाली झिरपतं आणि डाग पडतो. हे सगळं ती शिकली होती. पण ऑपरेटरबाई काही आठ दिवसांत म्हाताऱ्या झाल्या नव्हत्या. मागच्या महिन्यात हाच हात स्वच्छ होता.

"पडलात का कुठे?"

"पडले असते तर या दोघींनी घर डोक्यावर घेतलं असतं."

"दुखण्यावरची गोळी? सांधेदुखीची? ताकदीची कसली कॅप्सूल? कुणी कसला काढा वगैरे?"

"नाही गं."

"आणि दारू?"

"मिळाली तर आण."

सूनबाईंच्या चेहऱ्यावरची सुरकुतीही हलली नाही. "हा पिवळट डाग बघा. हा जुना, मागच्या शनिवारचा. हा हिरवा मंगळवारचा. हा निळा कालचा. या तिन्ही दिवशी मावशी कामावर होत्या. मी तक्ताच केलाय."

"रंगावरून वार सांगता येत नाही, मॅडम," सुईताई हातमोजे चढवत म्हणाली. "कातडीखाली अडकलेलं रक्त मोडत जातं तसे रंग बदलतात, एवढं खरं. पण एकाच दिवशीच्या दोन डागांपैकी एक हिरवा आणि एक निळा दिसू शकतो. कोर्टातसुद्धा हे टिकत नाही."

तिने उजव्या हाताला पट्टा बांधला, शीर शोधली, नळी भरून घेतली. सुई काढून कापसाचा बोळा दाबला. पातळ रक्ताच्या माणसाला पाच मिनिटं दाबून धरावं लागतं, म्हणून तिने घड्याळ लावलं. पाच मिनिटं झाली, बोळा लाल. नवा बोळा घेतला. दहा मिनिटं झाली तरी तोही ओलाच. हात स्थिर राहावा म्हणून तिने दुसऱ्या हाताने म्हातारीचं मनगट धरलं होतं, अगदी हलकं, पक्ष्याला धरावं तसं.

अखेर रक्त थांबलं. तिने मनगट सोडलं.

मनगटावर एक निळसर वर्तुळ हळूहळू पसरत होतं. तिच्याच अंगठ्याएवढं.

३

"हे आत्ता झालं?" सूनबाई पुढे झाल्या. "तुम्ही केलंत?"

"मी केलं. आणि मी मारलं नाही, हे तुम्ही इथे उभं राहून बघितलंत."

सूनबाईंचा हात फोनकडे गेला होता तो मध्येच थांबला. बारावा फोटो त्यांनी काढला नाही.

"दंडावरची बोटं मावशींची असतील," सुईताई म्हणाली. "खुर्चीतून उठवायला दंडच धरतात. रोज धरतात, वर्षभर धरतायत. मग डाग आठच दिवसांत का? बोटं कुणाची हा प्रश्नच नाहीये, मॅडम. रक्त थांबत का नाहीये, हा प्रश्न आहे." तिने आवाज खाली आणला. "आणि जे कातडीखाली होतंय ते डोक्यातही होऊ शकतं. मला दार उघडून द्या. यांना आत्ता दवाखान्यात न्यायला हवं."

"म्हणजे दार उघडायचं, आणि ही बाई पसार?"

"मॅडम!"

"एक वर्षापूर्वी शाळेत एका मुलाच्या पाठीवर वळ होते. मी म्हटलं, खेळताना पडला असेल. पडला नव्हता." सूनबाईंनी पर्स छातीशी धरली. "मी पुन्हा ती चूक करणार नाही. तुम्ही आधी मला पटवा."

अकरा पस्तीस झाले होते. सुईताईने एक श्वास घेतला. रागावून दार उघडणार नव्हतं. या बाईला पुरावा लागत होता, आणि खरं सांगायचं तर तिलाही लागत होता.

"ठीक. रक्त पातळ करायची गोळी. ती कोण देतं?"

"मी. पूर्वीची गोळी मावशी द्यायच्या, पण ती मिळेनाशी झाली. डॉक्टरांनी नवी दिली, दुप्पट ताकदीची. म्हणून रोज द्यायची नाही, एक दिवसाआड. एक दिवस गोळी, एक दिवस खाडा. हे बोटीवर इंजिनिअर आहेत, डॉक्टरांशी तेच बोलतात. त्यांचा मेसेज आला तेव्हापासून मी स्वतः देते. शाळेतून आल्यावर, साडेसहाला."

"कधी चुकून दोन?"

सूनबाईंना हा प्रश्न लागलाच. त्या तरातरा गेल्या, ओट्याखालच्या खणातून गोळ्यांची पट्टी आणि पर्समधून शाळेची डायरी घेऊन आल्या. दहाच्या पट्टीत सहा घरं रिकामी, चार भरलेली. डायरीत लाल पेनाचे ठिपके: चार, सहा, आठ, दहा, बारा, चौदा तारीख.

"तीन तारखेला, रविवारी मेसेज आला. चार तारखेपासून सुरू. बारा दिवसांत सहा गोळ्या. काल खाडा. आज संध्याकाळी पुढची. यात चूक दाखवा."

सुईताईने दोनदा मोजलं. चूक नव्हती. गोळी बरोबर, दिवस बरोबर, हिशेब चोख. मग हे रक्त थांबायला तयार का नव्हतं?

म्हणजे या घरात कुणीतरी खोटं बोलत होतं. निदान तिला त्या क्षणी तसंच वाटलं.

४

मावशीशी बोलायला ती स्वयंपाकघरात गेली आणि दार लोटून घेतलं. सूनबाई बाहेर उभ्या होत्या. दाराखाली त्यांच्या सपाता दिसत होत्या.

"मावशी, तुमचं आणि मॅडमचं बोलणं का बंद आहे?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"मी आल्यापासून तुम्ही दोघी माझ्यातर्फे बोलताय. मी रक्त घ्यायला आले होते, निरोप पोचवायला नाही."

मावशीच्या ओठांचा कोपरा जरा हलला. "तीन आठवडे झाले. मी बाईंना खिडकीशी बसवलं, त्यांना सर्दी झाली. मॅडम म्हणाल्या, तुम्हाला अक्कल नाही. मी म्हटलं, बरं. तेव्हापासून मी सहाला बाहेर, त्या सहाला आत. दारात एकमेकींना वाट देतो, तेवढंच. आधी त्या आल्या की मी सगळं सांगून निघायची, बाईंनी काय खाल्लं, झोपल्या किती. आता कोण सांगणार, अक्कल नसलेल्या बाईचं कोण ऐकणार?"

"बाईंना तुम्ही तुमच्याकडून काही देता? ठणका लागला म्हणून, झोप येत नाही म्हणून?"

"देवाशपथ नाही. एजन्सीचा नियम आहे. लिहून दिलेल्या औषधाशिवाय मी खोकल्याचं चाटणसुद्धा देत नाही." मग तिला काहीतरी सुचल्यासारखं झालं. "ताई, तुम्ही मघाशी डोक्यात रक्त म्हणालात. खरंच तसं होईल?"

"होऊ शकतं."

"मग आज खाडा आहे ते बरंच झालं म्हणायचं."

सुईताई मावशीकडे वळली. "काय म्हणालात?"

"आज खाडा. त्या नव्या गोळीचा. काल दुपारी दिली ना मी."

दाराखालच्या सपाता हलल्या नाहीत. पण दार उघडलं.

"काय दिलंत?" सूनबाईंचा आवाज पहिल्यांदाच वर्गावरचा राहिला नव्हता. "काल तर खाडा होता!"

५

पुढची दहा मिनिटं सुईताईने दोघींना एका टेबलाशी बसवलं. अकरा पन्नास झाले होते.

मावशीने पलंगाजवळच्या डब्यातून पट्टी आणली. दहाची पट्टी, सहा घरं रिकामी, चार भरलेली. सुईताईने ती सूनबाईंच्या पट्टीशेजारी ठेवली. दोन्ही जुळ्या बहिणींसारख्या दिसत होत्या.

"औषधवाल्याने पाकिटात दोन पट्ट्या दिल्या होत्या," मावशी म्हणाली. "एक मी नेहमीसारखी बाईंच्या डब्यात ठेवली. दुसरी टेबलावरच ठेवली."

"ती मी खणात ठेवली," सूनबाई म्हणाल्या. "मला वाटलं, एकच आलीय."

"मावशी, वार सांगा. तुम्ही कुठल्या कुठल्या दिवशी दिलीत?"

"मंगळवार, गुरुवार, शनिवार. मग सोमवार, बुधवार, काल शुक्रवार. मधे रविवारी माझी सुट्टी होती, पण तो खाड्याचाच दिवस होता, म्हणून अडचण आली नाही."

सुईताईने सूनबाईंच्या लाल ठिपक्यांच्या ओळीत आपल्या निळ्या पेनाने भर घातली. पाच, सात, नऊ, अकरा, तेरा, पंधरा. लाल, निळा, लाल, निळा. चार तारखेपासून कालपर्यंत एकही घर मोकळं राहिलं नाही.

"सम तारखा मॅडमच्या, विषम मावशींच्या," ती म्हणाली. "तुमचा खाडा तो त्यांचा गोळीचा दिवस. त्यांचा खाडा तो तुमचा. बाईंना खाडा मिळालाच नाही. बारा दिवस, रोज, दुप्पट ताकदीची."

"पण सुरुवात वेगळी कशी होईल? निरोप तर एकच असणार!" सूनबाई म्हणाल्या.

"तो निरोप ऐकवा ना मला."

सूनबाईंनी आपल्या फोनवर नवऱ्याचा आवाजी मेसेज लावला. पाठीमागे इंजिनाची घरघर होती. "आईची नवी गोळी आलीय. दुप्पट ताकदीची आहे, म्हणून उद्यापासून एक दिवसाआड द्यायची. विसरू नका हं. रेंज जातेय, ठेवतो."

मग त्यांनीच पालथा फोन सुलटा करून मावशीपुढे सरकवला. मावशीच्या फोनवरही तोच मेसेज होता. तोच आवाज, तीच घरघर.

"तुम्ही हा कधी ऐकलात, मावशी?"

"सोमवारी दुपारी. रविवारी सुट्टी असली की मी फोनचं नेट बंदच ठेवते. सोमवारी ऐकलं, 'उद्यापासून'. म्हणून मंगळवारी सुरू केली."

"मी रविवारीच ऐकलं," सूनबाई हळू म्हणाल्या. "म्हणून सोमवारी."

"बोटीवरून ते 'उद्या' म्हणाले तो सोमवार. पण आवाजाला तारीख नसते. ज्या दिवशी ऐकाल त्याच्या दुसऱ्या दिवशीचा उद्या. आणि कुणी द्यायची, हे ते बोललेच नाहीत. मावशी नेहमीच द्यायच्या, म्हणून त्या देत राहिल्या. तुम्हाला वाटलं, गोळी नवी, जबाबदारी आपली." सुईताईने पेनाचं टोपण लावलं. "तुमचा दोघींचा हिशेब बरोबर आहे. म्हणूनच तो कुणाला सापडला नाही. चुकलेल्या माणसाच्या पट्टीत एक गोळी कमी भरते. इथे दोन्ही पट्ट्या बरोबर आहेत."

"पण आईंनी सांगायचं ना, मला दुपारी दिलीय म्हणून!"

"सांगितलं असतं की," आतून आवाज आला. "तुम्ही म्हणाला असतात, यांना चहा आठवत नाही."

सूनबाईंनी डायरी मिटली. मग दारावरची बेल वाजली. बारा वाजले होते.

६

किल्ली सापडायला वेळ लागला. पर्समध्ये ती तळाशी गेली होती.

एजन्सीचे साहेब दारात उभे होते. काखेत फाइल, कपाळावर घाम. लिफ्ट बंद होती. "मॅडम, तक्रारीचा फॉर्म आणलाय. या बाईंचं नाव लगेच यादीतून काढतो. आमच्या एजन्सीची बदनामी नको. चल गं, एप्रन काढ आधी."

मावशी उठली. तिचे हात एप्रनच्या गाठीकडे गेले. सूनबाईंना अजून सोपी वाट मोकळी होती, हे सुईताईला दिसत होतं. गोळी मावशीनेही दिली होती. एवढं वाक्य पुरलं असतं, आणि ते खोटंही नव्हतं.

"एप्रन काढू नका," सूनबाई म्हणाल्या. "तक्रार नाहीये. आईंना मारलं नाही कुणी. औषध दुप्पट गेलंय. निम्मं माझ्या हातून."

"आणि निम्मं?" साहेबांनी पेन उघडलं.

"ते डॉक्टरांना सांगेन. तुम्ही पेन मिटा आणि खाली जाऊन गाडी थांबवा."

साहेबांनी फॉर्म दुमडून खिशात घातला आणि ते जिना उतरले.

सात मजले उतरायचे होते आणि ऑपरेटरबाईंना हात लावायचा नव्हता. सुईताईने खुर्चीवर दुहेरी चादर घातली. म्हातारीला तिच्यात बसवून पुढून मावशीने खुर्चीचे पाय धरले, मागून सूनबाईंनी पाठ.

"तुम्ही पुढच्या पायरीला सांगा, मग मी उचलते," सूनबाई म्हणाल्या.

"बरं. आता. थांबा. आता," मावशी म्हणाली. तीन आठवड्यांत त्या दोघींचं एवढं बोलणं झालेलं नव्हतं.

दवाखान्यात नमुना पुन्हा घेतला. रक्त किती पातळ झालंय हे सांगणारा जो आकडा दोन ते तीनच्या मध्ये असायला हवा तो साडेसहा निघाला. डोक्याचा फोटो स्वच्छ आला, तेव्हा सूनबाई बाकावर बसल्या आणि बराच वेळ उठल्या नाहीत. डॉक्टरांनी गोळी थांबवली, उतारा म्हणून दुसरं औषध दिलं आणि वहीत लिहिता लिहिता विचारलं, "गोळी कोण देत होतं?"

"सम तारखांना मी," सूनबाई म्हणाल्या.

"विषम तारखांना मी," मावशी म्हणाली.

डॉक्टरांनी मान वर केली, दोघींकडे आळीपाळीने बघितलं आणि पुन्हा लिहायला लागले. "म्हणजे रोज."

सुईताईची पुढची तीन घरं केव्हाच चुकली होती. लॅबमधून सात मिस्ड कॉल होते. तिने पिशवी खांद्याला लावली आणि वॉर्डाच्या दारातून आत डोकावली. ऑपरेटरबाई उशीला टेकून बसल्या होत्या. सूनबाई पलंगाच्या एका बाजूला, मावशी दुसऱ्या बाजूला.

"मावशी, सोमवारी याल ना?" सूनबाई विचारत होत्या.

"पोलिसांत न्यायला निघाला होतात मला," मावशी म्हणाली. "ते असं दुपारभरात विसरत नाही कुणी. सोमवारचं सोमवारी बघू." मग तिने तांब्याकडे हात केला आणि तो मध्येच थांबवला. "डॉक्टर बाईंना पाणी द्या म्हणालेत. तुम्ही दिलंत, की मी देऊ?"

"नाही, मी नाही दिलं. तुम्ही द्या. नाहीतर थांबा, मी देते."

"एकीनंच द्या गं," ऑपरेटरबाई म्हणाल्या. "दोघींनी नका देऊ."